ज्वारीला रोजचे गिऱ्हाईक

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेच्या बिलावर झाले, पीकविम्यावर झाले. आता जेवणाची वेळ जवळ आली आहे आणि मला सांगितले आहे की ज्वारीवर बोला. ज्वारीचे नाव काढले की आपण लगेच क्विंटलला किती, असे विचारतो. मी आज उलटीकडून येणार आहे. ताटापासून सुरुवात करतो. तेही आपले ताट नाही, आफ्रिकेतल्या एका देशाचे आहे. थोडा धीर धरा, मी तिथून परत याच जिल्ह्यात येतो.

बरीच वर्षे झाली. माझा भाचा हैदराबादजवळ पाटणचेरूला नोकरीला होता. तिथे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग अशा कोरडवाहू पिकांवर काम करणारी मोठी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. दिवाळीला तो घरी आला तो एका पाहुण्याला घेऊन. पाहुणा आफ्रिकेतला, बुर्किना फासो नावाच्या देशातला. घरात घाई उडाली. बायको म्हणाली, याला काय वाढायचे? पुरी करू का? भाचा म्हणाला, रोजचे करा. म्हणून भाकरी, आणि कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी.

पाहुण्याने भाकरी उलटीपालटी करून पाहिली. ती त्याला नवी होती. मग अंबाडीच्या भाजीचा घास तोंडात घातला आणि थांबला. भाच्याला काहीतरी म्हणाला. आम्हाला वाटले आंबट लागली. भाचा म्हणाला, मामा, तो म्हणतो ही भाजी आमच्या आईच्या हातची आहे. त्यांच्याकडे तिला 'बाबेंदा' म्हणतात. अंबाडीचा पाला आणि रानातला दुसरा पाला, त्यात भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, वर शेंगदाण्याचे कूट. समुद्रापलीकडचा माणूस, भाषा वेगळी, देव वेगळा, आणि भाजी तीच. त्या दिवसापासून मला या देशाचा नाद लागला. मी तिथे गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण जे जे वाचायला मिळाले ते वाचले, आणि पाहुण्यासारखे जे दोनचार जण पुढे भेटले त्यांना खोदून खोदून विचारले.

देश महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान आहे. लोकसंख्या २ कोटींच्या वर. चहूबाजूंनी जमीन, समुद्र नाही. १९६० पर्यंत फ्रेंचांचे राज्य होते. तेव्हाचे नाव अप्पर व्होल्टा, १९८४ साली ते बदलून बुर्किना फासो केले. पाऊस जून ते सप्टेंबर. उत्तरेकडे आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखा, दक्षिणेकडे बरा. ओलीत फार थोडे. लोक पेरतात काय? ज्वारी, बाजरी, मका, चवळी, भुईमूग आणि कापूस. आता सांगा, हा परदेश झाला का? ज्वारी मुळात आफ्रिकेतलीच. बाजरी तिकडची, चवळी तिकडची, चिंच तिकडची, अंबाडीचेही मूळ आफ्रिकेतच मानतात. काही हजार वर्षांपूर्वी हे सगळे आपल्याकडे आले आणि आपल्या म्हाताऱ्यांनी ते आपले करून टाकले.

त्यांच्या रोजच्या जेवणाचे नाव आहे 'तो'. (हसू नका. इथे बायका नवऱ्याचे नाव न घेता 'ते' म्हणतात, तिकडे जेवणालाच 'तो' म्हणतात.) मोस्सी लोकांच्या भाषेत त्याला 'साग्बो' म्हणतात. आधी पाण्याला उकळी आणायची. त्यात चिंचेचे पाणी आणि थोडे पीठ कालवून सोडायचे, म्हणजे पातळ आंबील होते. त्यातली थोडी बाजूला काढून ठेवायची. राहिलेल्यात कोरडे पीठ घालत जायचे आणि लाकडी उलथन्याने घोटत राहायचे. घट्ट होत चालले की बाजूला काढलेली आंबील पुन्हा थोडी थोडी घालायची. दहा-पंधरा माणसांच्या घरातला हा घोटा हलवायला मनगटात जोर लागतो. मग तो तुंब्याच्या पळीने काढून भांड्यात थर देऊन थापतात. निवला की वडीसारखा घट्ट बसतो. भोवती बसून एकाच भांड्यातून उजव्या हाताने तुकडा तोडायचा, कालवणात बुडवायचा, खायचा. आपला जुना कण्यांचा घाटा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना हे सांगायला नको.

शेजारच्या माली देशात याच 'तो'मध्ये राखेचा खार घालतात, बुर्किनात चिंच किंवा लिंबू घालतात, आणि नायजर देशात यातले काही घालत नाहीत. आता ही गंमत नाही. पाटणचेरूच्या संस्थेने आणि तिकडच्या शास्त्रज्ञांनी जास्त उताऱ्याची ज्वारी तिथे नेली. शेतात कणसे भरली, पोती वाढली, आणि शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी ती पेरली नाही. का? त्या घरातल्या बाईने सांगितले म्हणून. दाणा मऊ. उखळात कांडून कोंडा काढायला गेले तर दाण्याचा चुरा होतो, पीठ कमी पडते. आणि रात्री केलेला 'तो' सकाळी पाणी सोडतो, चिकट होतो. चांगला 'तो' रात्रभर राहिला पाहिजे, कारण सकाळी तोच खाऊन माणसे रानात जातात. शेवटी शास्त्रज्ञांना वाण पास करण्याआधी 'तो' शिजवून पाहायची परीक्षा लावावी लागली. आंबट 'तो' वेगळा, खाराचा वेगळा, साधा वेगळा, आणि दुसऱ्या दिवशी हाताला कसा लागतो ते वेगळे.

आपल्याकडे काय झाले? १९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली. उतारा मोठा होता, ते खरेच आहे, आणि त्या दाण्याने माणसे जगवली. पण ती ऐन पावसात पक्व व्हायची, दाणा काळा पडायचा, आणि भाकरीला मालदांडीची चव नव्हती. घरातली बाई पहिल्याच वर्षी म्हणाली होती, हिची भाकरी चांगली होत नाही. तिचे कोणी लिहून घेतले का? बाजाराने मात्र लिहून घेतले. मालदांडीचा भाव वेगळा आणि हायब्रीडचा भाव वेगळा लागला. तव्यावर जी नापास होते ती आडतीवरही नापास होते, एवढे कळायला आपल्याला वीस वर्षे लागली.

आता कालवण. तिथली रीत अशी आहे की धान्य नवऱ्याने द्यायचे आणि कालवणाचे सामान बायकोने आणायचे. त्यासाठी तिच्या वाट्याला स्वतःचा जमिनीचा तुकडा असतो. त्यात भुईमूग, भेंडी, अंबाडी. जे जास्त होईल ते ती बाजारात विकते आणि तो पैसा तिचा. भेंडी ओलीही खातात आणि चकत्या वाळवून कुटून ठेवतात, पुढे तिचे बुळबुळीत कालवण वर्षभर होते. गोरखचिंचेचा पाला वाळवून त्याचीही पूड. आपल्याकडे गोरखचिंचेचे एखादे जुने झाड दिसते आणि लोक लांबून बघायला येतात. तिथे ते भाजीचे झाड आहे.

कालवणाला खरी चव येते ती 'सुम्बाला'ने. नेरे नावाच्या झाडाच्या शेंगांतल्या बिया दिवसभर शिजवायच्या, कुटून टरफल काढायचे, पुन्हा शिजवायच्या आणि झाकून दोन-तीन दिवस आंबवायच्या. मग गोळे करून वाळवायचे. वास असा की सुकट परवडली. पण त्यात प्रथिने भरपूर, आणि हे सारे काम बायांच्या हातचे. अलीकडे कंपन्यांचे मसाल्याचे चौकोनी खडे गावोगाव पोचले आहेत. एक खडा टाकला की कालवण तयार. वेळ वाचतो, हे कबूल केले पाहिजे. दिवसभर बिया शिजवणाऱ्या बाईला जळणही जमवावे लागते, तिला खडा सोपा वाटला तर तिला नावे ठेवू नयेत. पण त्या खड्याचा पैसा गावाबाहेर जातो आणि सुम्बालाचा गावात फिरतो, एवढा फरक आहे.

पिण्याच्या वस्तू तीन सांगतो. पहिली 'झूम-कूम'. त्यांच्या भाषेत झूम म्हणजे पीठ आणि कूम म्हणजे पाणी. बाजरीचे पीठ, आले, चिंच, थोडी साखर, थंड पाणी. पाहुणा दारात आला की आधी हे हातात देतात, मग बोलणे. आपण लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला आंबील पितो ती वर्षातून एकदा, आणि त्या दिवशी शहरातले नोकरदारही रानात येतात. बाकी ३६४ दिवस पाहुण्याला आपण काय देतो? चहा. त्यातली चहापत्ती आपल्या रानातली नाही आणि साखर कारखान्याची.

दुसरी 'बिसाप'. लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्या वाळवून, उकळून, साखर घालून केलेले लालभडक सरबत. राजधानी वागाडुगूत शाळेच्या दाराशी पोरे ते पितात, लग्नात तेच, सणाला तेच. इथल्या बायांना हे सरबत येते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे करतात. पण आपण अंबाडी पेरतो ती धुऱ्यावर, आणि बोंडे गळून जातात.

तिसऱ्या पेयाबद्दल बोलताना मला जपून बोलले पाहिजे, कारण समोर बसलेल्या मायबहिणींपैकी काहींनी गावातले दारूचे दुकान बंद पाडलेले आहे. मी दारूचा प्रचार करायला आलेलो नाही. पण ज्वारीचा हिशोब सांगायचा तर 'दोलो' टाळता येत नाही. दोलो म्हणजे लाल ज्वारीची सौम्य बिअर.

लाल ज्वारी आपल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून मिलो आली होती. तिची भाकरी ज्यांनी खाल्ली ते अजून तोंड वाकडे करतात. तिकडची लाल ज्वारीही तुरट. पण तिची भाकरी किंवा 'तो' करायच्या भानगडीत ते लोक सहसा पडत नाहीत, तिला मोड आणतात. दाणा भिजवायचा, दोन-तीन दिवस मोड येऊ द्यायचे, उन्हात कडक वाळवायचे, दळायचे. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असते हे आपण जाणतो, कोवळे फुटवे खाऊन जनावर दगावते. म्हणून वाळवणे आणि मग तासन्‌तास उकळणे यात कसूर चालत नाही. पाणी निवळायला भेंडीचा किंवा एखाद्या सालीचा बुळबुळीत रस घालतात. उकळून निवले की मागच्या खेपेचे राखून ठेवलेले विरजण घालायचे. रात्रभरात फसफसते, सकाळी विकायला तयार. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबून जाते, त्यामुळे साठा करता येत नाही आणि साठेबाजालाही त्यात जागा नाही. न आंबवलेला गोड रस मुले पितात, दारू न पिणारेही पितात.

हे सगळे काम बायकांचे. गावात आणि शहरात झाडाखाली किंवा छपराखाली बाकडी टाकून त्या तुंब्याच्या वाटीतून दोलो विकतात. दोष आहेत. जळण फार लागते, रान उजाड होते, म्हणून सुधारलेल्या चुली द्याव्या लागल्या. आणि प्यायलेला माणूस तिथेही प्यायलेलाच असतो. पण माझे लक्ष दुसरीकडे आहे. ज्या दाण्याची आपण भाकरीही करत नाही आणि काळा पडला म्हणून फेकल्या भावात देतो, तसल्या दाण्याला तिथे शहरात रोजचे गिऱ्हाईक आहे. ते गिऱ्हाईक सरकारी खरेदी केंद्र नाही. बारदाना नाही म्हणून बंद होत नाही. ती एक बाई आहे, तिला आज ज्वारी लागते, आणि आठवड्याने पुन्हा लागते.

आता कापूस. हा देश आफ्रिकेतल्या मोठ्या कापूस पिकवणाऱ्या देशांपैकी एक. सप्टेंबर २००३ मध्ये कानकूनच्या जागतिक व्यापार परिषदेत बुर्किना, माली, बेनिन आणि चाड या चार गरीब देशांनी अमेरिकेला तोंडावर सांगितले की तुमच्या कापूस अनुदानाने आमचा भाव मरतो. २००८ साली त्यांनी बीटी कापूस घेतला आणि धागा आखूड निघतो म्हणून २०१६ पर्यंत सोडूनही दिला. तो मोठा विषय आहे, पुन्हा कधी बोलू. आज ताटापुरते सांगतो. तिथे सरकीचे तेल रोजच्या स्वयंपाकात आहे, म्हणजे कापूसवाल्याचे पीक त्याच्याच कढईत परत येते. आणि कापसाच्या शेजारी धान्य असतेच. कापसाच्या पैशावर खते आणि औषधाची उधारी फिटते, पण पोट धान्याच्या कोठारावर. मातीची किंवा गवताची गोल कोठारे, जमिनीपासून उचललेली, त्यात ज्वारी कणसांसकट. मळायची ती लागेल तशी. आपली पेवे आणि कणग्या आठवतात का? आता त्या कणग्यांत खताच्या रिकाम्या गोण्या ठेवतो आपण.

सगळे छान आहे असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. जून ते सप्टेंबर हे तिथे उपाशी महिने. जुने धान्य संपलेले, नवे आलेले नाही आणि काम सर्वात जास्त. बाबेंदा ही त्याच महिन्यांतली भाजी. मूठभर धान्यात टोपलीभर पाला घालून दहा तोंडे भागवायची म्हणून ती जन्मली. माझ्या पाहुण्याला आईची आठवण झाली ती त्या दिवसांची होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आणि २०१५ नंतर तर तिथे बंदुकीवाल्यांनी धुमाकूळ घातला आहे. २०२३ पर्यंत सुमारे २० लाख लोक गाव सोडून निर्वासित झाले. पेरणीच राहिली तर 'तो' कुठला?

शहरांचीही गोष्ट आपल्यासारखीच. फ्रेंच गेले पण त्यांचा लांबट पाव राहिला. देशात गहू जवळजवळ पिकत नाही आणि सकाळी पाव लागतो. दुपारी तांदूळ, त्यातला बराचसा आशियातून बोटीने येतो. १९८३ ते १९८७ या काळात तिथे थॉमस संकारा नावाचा तरुण राष्ट्राध्यक्ष होता. लष्करातला माणूस, सत्ता बंदुकीनेच मिळवलेली, त्यामुळे त्याची आरती ओवाळायची गरज नाही. पण त्याने एक बरोबर ओळखले. आपण पिकवतो ते आपण खाल्ले-नेसले नाही तर शेतकरी उभा राहत नाही. सरकारी नोकरांना त्याने देशी कापसाचे, हातमागावर विणलेले कपडे घालायला लावले. जुलै १९८७ मध्ये आदिस अबाबाला आफ्रिकी देशांच्या बैठकीत त्याने आपल्या अंगावरचे कपडे दाखवून सांगितले की हा कापूस आमच्या शेतकऱ्याचा आणि वीण आमच्या विणकराची. तीन महिन्यांत, ऑक्टोबरात, त्याला मारले. नोकरांवर सक्तीने कापड घालणे मला पटत नाही. सक्तीचे गिऱ्हाईक सक्ती उठली की पळते. ती दोलोवाली बाई कोणाच्या हुकमाने ज्वारी घेत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात येतो. आपल्याकडे ज्वारीचे गिऱ्हाईक कोणी पळवले? भाकरी करणारी बाई पळाली का? नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किलोचे दर काय लिहिले होते ते आठवा. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. म्हणजे कायद्याच्या कागदावरच आपल्या दाण्याची किंमत सर्वात खाली. आणि त्या १ रुपयानेही ज्वारी दुकानात किती वेळा आली, ते तुम्हीच सांगा. जानेवारी २०२३ पासून तर रेशनचे धान्य फुकट आहे. फुकटच्या गहू-तांदळाशी ज्वारीने कसे झुंजावे? गरिबाला धान्य देऊ नका असे मी म्हणत नाही, आपल्यातल्याच अर्ध्या लोकांकडे ते कार्ड आहे. पण तेच २०२३ साल जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले, मागणी आपल्याच सरकारची होती, आणि ज्वारीला 'श्रीअन्न' असे नावही मिळाले. नाव मिळाले, गिऱ्हाईक तेच राहिले.

आणि मग आपणही चूक केली. खरिपाची ज्वारी काढून टाकली, सोयाबीन आणले. कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले, बैलाबरोबर शेणखत गेले. आता शहरात ज्वारी गव्हापेक्षा महाग विकते, हॉटेलात भाकरीला चपातीपेक्षा जास्त पैसे घेतात, आणि पिकवणारा रेशनचा गहू दळून आणतो.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. एकट्याने पेरली तर पाखरे खातात, रानडुकरे लोळवतात. खरे आहे. शंभर एकरांत दोन एकर ज्वारी असली की साऱ्या शिवारातली पाखरे त्या दोन एकरांवर उतरतात. गोफण घेऊन मचाणावर बसायला आता पोरगा मिळत नाही. म्हणून ही एकट्याने करायची गोष्ट नाही. एका गावातल्या पंधरा-वीस जणांनी लागून लागून असलेल्या रानात प्रत्येकी एक एकर, एकाच आठवड्यात पेरायची. पाखरे वाटली जातात, राखणही वाटली जाते. वाण कोणता, हे ठरवायला कृषी खात्याचा माणूस बोलवा, पण त्याच्याबरोबर गावातल्या चार बायांना बसवा. प्रत्येक वाणाची किलोभर ज्वारी आणून त्यांनी भाकऱ्या कराव्यात, रात्री झाकून ठेवाव्यात आणि सकाळी सांगावे.

गिऱ्हाईकाचेही आधी बघून ठेवले आहे. तालुक्याच्या स्टँडजवळ आपल्या तीन गावांतल्या बाया गेल्या हिवाळ्यापासून भाकरी आणि ठेचा विकतात. त्यांना ज्वारी विकत आणावी लागते, तीही परजिल्ह्यातली. आठवड्याला किती लागते, कसली लागते, याची वही त्यांनी ठेवली आहे. त्या पलीकडे बसल्या आहेत, त्यांना विचारा. अंबाडीच्या सरबताचे त्या पुढच्या हंगामात करून बघणार आहेत, तर धुऱ्यावरची बोंडे या वर्षी टाकू नका.

मृगाला अजून तीन आठवडे आहेत. ज्यांना एक एकर पेरायचा आहे त्यांनी गावाचे नाव, रानाची दिशा आणि शेजारी कोण, हे टेबलावरच्या वहीत लिहून द्यावे. शेजारी लिहायला विसरू नका, पाखरांचा हिशोब त्यावर आहे. बाकीचे जेवणानंतर बोलू.